शिपायाच्या मायचं वाण

ज्याने वर्ध्याचा उन्हाळा एकदा काढला आहे त्याला कुणी शाल भेट देऊ नये. तरी आमच्या शेजारच्या मावशीकडे शालींची चळत होती. दर पंधरा ऑगस्टला एक, अशा त्या जमत गेल्या होत्या. एक ज्वारीच्या कणगीवर टाकलेली, एक मागच्या दाराला पडदा म्हणून, एक गल्लीतल्या बाळंतिणीला दिलेली, आणि एक, खोटं कशाला सांगू, ऐन पावसात शेळीच्या अंगावर मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. त्या दिवशी हेडमास्तर माझ्या सोबत होते. त्यांना ती दिसू नये म्हणून मी पायात काटा मोडल्याचं सोंग केलं आणि त्यांना दुसऱ्या गल्लीने शाळेत नेलं.

पंचाहत्तर साली मी त्या गावच्या शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू झाले. केळझरच्या अलीकडे एसटीतून उतरायचं आणि काळ्या मातीतून पाऊण तास चालायचं. माहेर माझं नालवाडीचं, म्हणजे शहराच्या कडेचं. चिखलात चप्पल हातात घेऊन चालायची सवय नव्हती. नवरा वर्ध्याला कचेरीत नोकरीला. शनिवारी मी तिकडे जायचे, नाहीतर तो इकडे यायचा. भाड्याची खोली मिळाली ती मावशीच्या घराला लागून. दोन्ही घरांमध्ये एक कुडाची भिंत, तीही आढ्यापर्यंत न पोचलेली. तिकडे फोडणी पडली की इकडे ठसका लागायचा.

मला येऊन तीन दिवस झाले नव्हते तोच आमचं भांडण झालं. माझ्या मोरीचं पाणी तिच्या अंगणात जात होतं.

"अव मास्तरीन बाई, तुह्या मोरीचं पानी माह्या आंगनात काऊन येऊन राह्यलं?"

"उतार तुमच्याकडे आहे, तर पाणी काय उलटं चढेल?" मी म्हटलं. माझा स्वभाव तेव्हाही तापटच होता. आता गुडघे दुखतात म्हणून उठून भांडायला जात नाही, एवढाच फरक.

दोघींनी पदर खोचले. माझ्या घरमालकापासून तिच्या शेळीपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. गल्लीतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या, पण भांडण पाहताना बायकांच्या तोंडावर जी मजा असते ती एकीच्याही तोंडावर नव्हती. शेवटी एकीने मला दंडाला धरून आत ओढलं आणि हळूच म्हणाली, "तिच्यासंगं भांडू नोका बाई. शिपायाची माय आहे ते. पोरगा लढाईत गेला तिचा. एकुलता एक."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी वाटीभर साखर घेऊन मी माफी मागायला गेले. पाहते तर मावशी चुलीपुढे बसून चक्क गुणगुणत होती. मी तोंड उघडायच्या आत तिनेच पाट सरकवला.

"बस. चार वर्सं झाले, माह्याशी कोनी भांडलंच नोतं. लय साजरं वाटलं."

मग तिने सांगितलं. विहिरीवर गेली की बायका बाजूला होतात, म्हणतात तुम्ही आधी भरा. दुकानात गेली की दुकानदार दुसऱ्याचं माप अर्धं ठेवून तिच्याकडे वळतो. दिराची पोरं तिच्यासमोर हसत नाहीत. "अशानं मले असं लागते का मीच मेली," ती म्हणाली आणि माझी साखर डब्यात ओतून वाटी धुऊन परत दिली.

त्या दिवसापासून दर आठ-पंधरा दिवसांनी मी तिच्याशी ठरवून भांडायचे. मोरी तशीच ठेवली होती, त्यामुळे विषयाला तोटा नव्हता. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या तापट स्वभावाचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो या बाईला.

तिचा मुलगा एकाहत्तरच्या लढाईत गेला होता. वय वीस-एकवीस. नवरा त्याच्याही आधी, मुलगा लहान असतानाच वारला होता. तेव्हा कुणाचं शरीर घरी आणायची रीत नव्हती. आधी तार आली, मग साहेब आले, मग एक काळी पेटी आली. पेटीत दोन जोड कपडे, दाढीचं सामान आणि तिनेच कुणाकडून तरी लिहवून घेतलेली पत्रं. गावाने तिला धीर दिला, आणि धीर देऊन झाल्यावर तिचा सत्कार करायला सुरुवात केली.

सत्काराचं सगळं ठरलेलं असायचं. झेंडावंदन झालं की ग्रामपंचायतीतली हातांची खुर्ची मैदानात आणायची. मावशी तिच्या अगदी काठावर बसायची, जणू खुर्ची दुसऱ्या कुणाची आहे आणि तो आला की उठायचं आहे. हेडमास्तर भाषण करायचे. माणूस सज्जन, पण भाषण दरवर्षी तेच. 'या वीरमातेने आपल्या काळजाचा तुकडा देशाला अर्पण केला' या वाक्याला त्यांचा आवाज दरवर्षी त्याच जागी भरून यायचा. मग शाल, नारळ, टाळ्या. मावशी नारळ काखेत मारून घरी निघायची. तिला कुणी कधी दोन शब्द बोलायला सांगितलं नाही. मीही नाही. मला तेव्हा ते सुचलंही नाही.

एकदा मी तिला विचारलं, "मावशी, भाषण ऐकताना तुम्हाला काय वाटतं हो?"

"अर्पन केला म्हनतात," ती म्हणाली. "म्या कुठं अर्पन केला? त्यानं इचारलं, जाऊ का? म्या म्हटलं, जा. दिवायीले येजो. एवढंच बोलनं झालतं."

मी तिच्या पुढ्यातली भाजी ओढून निवडायला घेतली.

आता पोळ्याकडे येते. पोळा म्हणजे बैलांचा सण हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती अमावस्या पिठोरीची, म्हणजे आयांचीही असते. तिकडे बैल तोरणाखालून जात असतात, तेव्हाच दिवेलागणीला घरोघरी आई पिठोरीची पूजा करते. नंतर खीर-पुरीचं ताट, म्हणजे वाण, डोक्यावर धरून, लेकरांकडे पाठ करून बसते आणि विचारते, "अतीत कोण?" म्हणजे दारी पाहुणा कोण आला आहे. मागून लेकरू म्हणतं, "मी!" आणि ताट उचलून घेतं. आईने मागे वळून बघायचं नसतं. आवाजावरून ओळखायचं. असं तीनदा. लेकरं दोन असोत की सात, त्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीत घराघरांतून "मी! मी!" ऐकू येत असतं.

त्या संध्याकाळी मावशीचं दार बंद असायचं. ज्या बाईला लेकरू नाही तिने वाण धरायचं नाही, अशी गावाची समजूत. कुणी तिला तसं तोंडावर सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरजही नव्हती. शेजारणी तिच्या दारात खीर ठेवून यायच्या आणि पाय न वाजवता परत फिरायच्या.

मला मुलगी झाली आणि ती बोलू लागली त्या वर्षी माझ्यावरही वाण धरायची वेळ आली. मधली भिंत तर तशी. मी ताट डोक्यावर घेतलं आणि अगदी कुजबुजत विचारलं, "अतीत कोण?" आमच्या कन्येला कुजबुजणं ठाऊक नव्हतं. तिने छप्पर उडेल असं "मीऽऽ" ठोकलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. माझं ते पहिलं वाण असं चोरट्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "काल काऊन हळू बोलून राह्यली होतीस? मले तं सारं आयकू येते. पोरीचं तोंड दाबू नोको. तिले ओरडू दे."

एवढं म्हणून ती शेळीकडे वळली. मला मात्र वर्षभर ते वाक्य टोचत राहिलं. आणि मला काही टोचलं की मी गप्प बसत नाही, काहीतरी उपक्रम काढते. शिक्षकी पेशाचा दोष असेल, नाहीतर माझाच.

पुढच्या पोळ्याला मी शाळेत मातृदिन ठरवला. कल्पना माझी. हेडमास्तरांना ती इतकी आवडली की त्यांचे डोळे तिथेच पाणावले. पोळ्याच्या दिवशी दुपारी, बैल तोरणाला जायच्या आधी, मावशीला शाळेत बोलवायचं. तिने वाण धरायचं. मागे शाळेची साठ मुलं उभी करायची, आणि तिने "अतीत कोण?" विचारलं की साठही मुलांनी एका आवाजात म्हणायचं, "मी!" एक मुलगा गेला, पण सारं गाव तिचं लेकरू झालं, असा त्यातला अर्थ. मी आठ दिवस मुलांची तालीम घेतली. एकाचाही आवाज मागे-पुढे होता कामा नये म्हणून छडीने ताल धरला.

मावशीला विचारायला गेले तेव्हा मी एवढंच म्हटलं, "मावशी, यंदा शाळेत या. तिथे तुम्ही वाण धरायचं. कुणी काही म्हणणार नाही. मी आहे."

तिने हातातलं काम खाली ठेवलं. "मी इचारलं तं चालीन?"

"चालेल म्हणजे? मी बोलावतेय ना!"

तिच्या तोंडावर जे आलं ते मला आनंदाचं वाटलं, आणि तो आनंदच होता. चूक माझी एवढीच की तो कशाचा, ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी ती नवं लुगडं नेसून आली. खीर-पुरी आम्ही शाळेतर्फे करणार होतो, पण तिने स्वतः करून आणली होती, स्वतःच्या पितळी ताटात, वर रुमाल झाकून. मैदानात पाट मांडला होता. सरपंच, हेडमास्तर, गावातली चार मोठी माणसं बसली होती. मावशी कुणाकडेही न बघता पाटावर बसली, मुलांकडे पाठ केली, ताट डोक्यावर घेतलं. तिने डोळे मिटले. तोंड उघडलं.

"अतीत..."

"मीऽऽऽ!"

माझी तालीम इतकी पक्की झाली होती की मुलांना धीरच धरवला नाही. 'कोण' तिच्या तोंडातच राहिलं. साठ मुलांचा आवाज वाघाच्या डरकाळीसारखा मैदानात घुमला. टाळ्या पडल्या. सरपंच उठून उभे राहिले. हेडमास्तर रुमालाने डोळे टिपत होते. मावशीने ताट खाली घेतलं, उठली, ते हेडमास्तरांच्या हातात दिलं आणि घराकडे चालू लागली. सगळ्यांना वाटलं, तिचं मन भरून आलं. मलाही तेच वाटलं. सरपंच म्हणाले, "बाई, तुमी तं कमाल केली!" आणि अर्धा तास मी जमिनीवर नव्हते, हे कबूल करते.

संध्याकाळी तिचं दार बंद. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तिने पाट सरकवला, पाणी दिलं आणि म्हणाली, "बसा बाई. बरं झालं आल्या तुमी."

सहा वर्षं जी बाई मला अगं-तुगं करत होती, जिने माझ्या सात पिढ्या मोरीवरून काढल्या होत्या, ती मला 'बसा' म्हणाली. त्यानंतर महिनोन्‌महिने तिने मला एकही वाकडा शब्द ऐकवला नाही. विहिरीवर मला बघून बाजूला व्हायची. माझी मुलगी तिच्या अंगणात गेली की हातावर गूळ ठेवून परत पाठवायची. सारं कसं गोड. मला तो गोडवा सहन होईना.

आधी मला तिचा राग आला. एवढं आपण केलं आणि बाईला त्याचं काही नाही! नवऱ्यापाशी मी तिच्यावर खूप तोंडसुख घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "तू तिला विचारलंस का, की तिला काय पाहिजे होतं?" मी त्याच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

हिवाळा गेला, उन्हाळा आला. मृगाच्या सुमारास मी शेवटचा उपाय केला. भांडणं थांबल्यावर एकदाची दुरुस्त करून घेतलेली मोरी मी आपल्या हाताने फोडली. नाली मातीने बुजवली आणि पाण्याला मावशीच्या अंगणाची वाट करून दिली. शिकलेली, नोकरी करणारी बाई, पदर खोचून सकाळी सकाळी शेजारणीच्या अंगणात आपलं सांडपाणी सोडते आहे, हे कुणी पाहिलं असतं तर माझी नोकरी गेली नसती, पण अब्रू नक्की गेली असती.

पहिल्या दिवशी मावशीने मुकाट्याने खराट्याने पाणी काढलं. दुसऱ्या दिवशीही. माझा धीर सुटत चालला. तिसऱ्या दिवशी मी कपड्यांच्या दोन बादल्या जास्त ओतल्या, आणि पाणी तिच्या सरपणाच्या ढिगाखाली गेलं.

"मास्तरीऽऽन!"

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, इतकी सुंदर हाक मी तोवर ऐकली नव्हती. ती खराटा घेऊनच दारात आली.

"डोये फुटले का तुहे? समदं सरपन भिजवलंस! शायेत लेकराइले हेच शिकवतं का तू?"

"सरपण नाली सोडून ठेवावं माणसाने!" मी म्हटलं. मला हसू आवरत नव्हतं, म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडले.

"मले शिकवतं? तू मले शिकवतं? साठ पोट्टे माह्या मागं उभे केलेस तू! ढोलावानी ओरडले ते! मले इचारू बी नाई देल्लं तुमी. माहा एकच होता. एक. त्याले इचाराचं होतं मले, तुह्या साठ पोट्ट्याइले नाई!"

तिच्या हातातला खराटा खाली पडला. गल्लीत कुणीतरी डोकावलं आणि आत गेलं. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

ती उंबऱ्यावर बसली. मी तिच्या शेजारी बसले. पाणी आमच्या पायांखालून वाहत होतं, ते आम्ही वाहू दिलं.

"तार आली तवा सरपंचानं सांगतलं, गेला," ती म्हणाली. आता आवाज खाली आला होता. "साह्येब आले, त्याइनं सांगतलं, गेला. मास्तर दर साली सांगते, गेला. समद्याइनं मले सांगतलं. म्या त्याले कवा इचारलंच नाई. पिठोरीले पाठ करून मी इचारीन, अन् तो असन तं बोलीन. नसन तं..." तिने हात झटकला. "मंग मले माहीत पडन ना. कोनी सांगून नाई, माहं मले. तू बोलावलं तं मले वाटलं का तुले समजलं."

मला समजलं नव्हतं. सात वर्षं मुलांना शिकवत होते, आणि ही एवढी साधी गोष्ट मला समजली नव्हती. मी तसं तिला सांगितलं, अगदी त्याच शब्दांत. आणि मग जो प्रश्न मी आधी विचारायला हवा होता तो विचारला, "मावशी, तुम्हाला काय पाहिजे?"

"मले घरी इचारू दे. तू मागं बस. एकटीनं इचारलं तं येड्यावानी लागते." ती माझ्याकडे वळली. "अन् बोलू नोको. काई बी झालं तरी तुह्या तोंडातून एक शबद नाई निंगला पायजे. जमन का तुले?"

मी म्हटलं, जमेल. तिला काही फारशी खात्री वाटली नाही. मलाही नव्हती.

त्या वर्षीचा पोळा येईपर्यंत मी कुणाला काही सांगितलं नाही. तरी तिच्या जावेला कुठून तरी सुगावा लागला. पोळ्याच्या दिवशी दुपारी ती तावातावाने आली. असं करणं बरं नाही, घराला बाधतं, आणि धरायचंच असेल वाण तर माझा धाकटा येईल, तो म्हणेल 'मी', असं तिचं म्हणणं. वाईट बाई नव्हती. तिलाही मावशीचं बरंच करायचं होतं. आम्हा सगळ्यांनाच तिचं बरं करायचं होतं, तीच तर अडचण होती. मी तिला अंगणातच अडवलं आणि सांगितलं की आज या दारातून आत यायचं तर आधी माझ्याशी भांडावं लागेल. माझी ख्याती तोवर तिच्या कानावर गेलेली होती. ती गेली.

दिवेलागणीला नवरा मुलीला खांद्यावर घेऊन बैल बघायला गेला. तोरणाकडून ढोल ऐकू येत होते, कुणीतरी झडती, म्हणजे पोळ्याचं गमतीचं गाणं, म्हणत होतं, मधेच लोक मोठ्याने हसत होते. मी मावशीच्या घरात शिरले आणि तिने दार नुसतं लोटून घेतलं, कडी लावली नाही.

कणकेचे दिवे लावले. पूजा झाली. ती पाटावर बसली, भिंतीकडे तोंड, माझ्याकडे पाठ. ताट डोक्यावर घेतलं.

"अतीत कोन?"

इतक्या साध्या आवाजात विचारलं, जसं दारावर कुणी थाप दिल्यावर आतून विचारतात. मी ओठ दातांखाली धरले. बाहेर ढोल वाजत होता. गल्लीत पलीकडे कुणाचं तरी लेकरू "मी! मी!" करत होतं. ते त्यांच्या घरातलं होतं, आमच्या घरात काही नव्हतं.

ती थांबली. मग पुन्हा म्हणाली, "अतीत कोन?"

माझ्या घशात 'मी' आलं होतं. शपथेवर सांगते, आलं होतं. त्या बाईच्या पाठीकडे बघून कुणाच्याही घशात आलं असतं. ती पाठ सरळ होती, मान ताटाखाली ताठ, आणि ती ऐकत होती. मी आजवर कुणाला असं ऐकताना पाहिलं नाही. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

"अतीत कोन, बाबू?"

या तिसऱ्या वेळेनंतर ती खूप वेळ थांबली. दिव्यातलं तेल संपत आलं. एक दिवा विझला. माझे पाय बधीर झाले. ढोल थांबले, बैल आपापल्या घराकडे निघाल्याच्या घुंगरमाळा ऐकू आल्या, त्याही लांब गेल्या. तरी ती बसलेलीच होती.

मग तिने ताट खाली घेतलं. मांडीवर ठेवलं. आणि जी गोष्ट करायची नसते ती केली, मागे वळून पाहिलं. मागे कणगी होती, कणगीवर शाल होती, आणि तोंडात पदर कोंबून बसलेली मी होते.

"नाई आला," ती म्हणाली.

शेवटची एसटी चुकली की म्हणतात, तशी म्हणाली. आणि एक मोठा श्वास सोडला, पोटातून, लांब.

"तो पयल्यांदा बोलतच नोता कवा. खोडीचा होता लय. दुसऱ्यांदा बी नाई. तिसऱ्यांदा मी इचारलं का मंग मानेजवय तोंड आनून बोले. मले भेव वाटे अन् ताट हाले. एका साली समदी खीर माह्या डोक्यावर सांडवली त्यानं." ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. "आता नाई सांडत."

मी तोंडातून पदर काढला आणि हमसून हमसून रडायला लागले.

"आता काऊन रडतं?" ती म्हणाली. "इतकी साजरी चूप बसली होतीस. घे, खीर खा. थंडी होऊन राह्यली."

एकाच ताटात आम्ही दोघींनी खीर-पुरी खाल्ली. तिने माझ्यापेक्षा दोन पुऱ्या जास्त खाल्ल्या, आणि खाता खाता मुलाच्या इतक्या खोड्या सांगितल्या की माझं पोट दुखलं. तो बेडकाला भीत असे. त्याने एकदा मास्तरांच्या सायकलची हवा सोडली होती. फौजेतून आलेल्या पहिल्या पत्रात त्याने फक्त काय काय जेवायला मिळतं तेवढंच लिहिलं होतं. इतक्या वर्षांच्या सत्कारांत यातलं एक अक्षर आम्हाला माहीत नव्हतं. मी घरी आले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की मुलगी बापाच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती तरी मी तिला रागावले नाही.

दुसरा दिवस मारबतीचा. सकाळी गावातली पोरं पळसाच्या डहाळ्या घेऊन शिवेकडे ओरडत निघतात, रोगराई घेऊन जा गे मारबत, इडापीडा घेऊन जा गे मारबत. मी चूल पेटवली आणि थबकले. भिंतीपलीकडे काहीच वाजत नव्हतं. तांब्या नाही, खराटा नाही, शेळीला घातलेली शिवी नाही. मी त्या घरात राहायला आल्यापासून मावशी माझ्या आधी उठली नाही असा एकही दिवस गेला नव्हता. अंधार असतानाच तिचा खराटा सुरू व्हायचा. आता ऊन अंगणात आलं होतं, शेळी ओरडत होती, आणि दार लोटलेलं होतं.

नको नको ते मनात आलं. काल आपण काय करून बसलो! मी अनवाणी धावले. दार ढकललं.

मावशी चटईवर उताणी पडली होती. खिडकीतलं ऊन थेट तिच्या तोंडावर होतं. तोंड उघडं, एक पाय चटईबाहेर, आणि घोरत होती, एखाद्या थकून आलेल्या गड्यासारखी, खर्जात.

मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. मग खिडकीवर पडदा ओढून तिच्या तोंडावरचं ऊन अडवलं, शेळीला बाहेर नेलं, दार हळूच ओढून घेतलं. तेवढ्यात पोरं डहाळ्या नाचवत, बोंब ठोकत आमच्या गल्लीत शिरली. त्यांत माझ्या शाळेची, त्या दिवशी 'मी' म्हणणारी बरीच होती.

मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि तोंडावर बोट ठेवलं.

"हळू जा रे," मी म्हटलं. "माय झोपली आहे."